नकाशातला न भरलेला रकाना: बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय बांधकाम मंत्री महोदय,

सादर प्रणाम.

शासकीय कार्यालयाच्या नव्या इमारतीचा आराखडा आपल्या सहीसाठी येतो, तेव्हा त्यासोबत जागावाटपाचा एक तक्ता जोडलेला असतो. कोणत्या पदाला किती चौरस मीटर, कोणाला स्वतंत्र दालन आणि कोणाला सामाईक हॉल, हे सारे त्यात नोंदलेले असते. कोणाला दिवसातून किती वेळा कोणाकडे काही विचारायला जावे लागते, हा रकाना मात्र त्या तक्त्यात नसतो. मी ३१ वर्षे आरेखक म्हणून काम केले आणि हा रकाना रिकामा राहिल्याने काय होते ते जवळून पाहिले. म्हणून हे पत्र.

आमचे कार्यालय जुन्या इमारतीत असताना मोजणी शाखा आणि आरेखन शाखा यांच्यामध्ये एक दार होते आणि ते दिवसभर उघडे असे. नकाशावरची एखादी पातळी खटकली, की गुंडाळी काखेत मारायची, पलीकडच्या टेबलावर उलगडायची, कागद वळू नये म्हणून कडेला पट्टी ठेवायची आणि नेमक्या आकड्यावर बोट ठेवून विचारायचे, "हा तुमचाच ना?" समोरचा आपली मोजणीची वही काढी आणि अर्ध्या मिनिटात प्रश्न मिटे. पुढे नवी इमारत झाली. मोजणी शाखा दुसऱ्या मजल्यावर गेली आणि आम्ही पाचव्या. कोणी कोणावर रुसले नव्हते, कोणी जाण्यायेण्याला बंदीही केली नव्हती. पण अर्ध्या मिनिटाच्या प्रश्नासाठी लिफ्टची वाट पाहणे जिवावर येऊ लागले, आणि शंका पेन्सिलीने समासात लिहून ठेवायची व आठवड्याच्या बैठकीत विचारायची, अशी पद्धत आपोआप पडली. सांडपाणी वाहिनीच्या एका नकाशात असेच एक प्रश्नचिन्ह समासात राहून गेले. मोजणी पथकाने काम चालू असताना आधाराची खूण, म्हणजे जिच्यापासून सगळ्या पातळ्या मोजतात ती खूण, बदलली होती आणि ते त्यांच्या वहीत स्पष्ट लिहिलेले होते. आमच्या नकाशावर मात्र ते उतरले नाही. खोदाई झाल्यावर लक्षात आले, की वाहिनीचे टोक मुख्य चेंबरच्या तळापेक्षा वीतभर खाली निघते आहे. चौकशीत कोणाचाही हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही, आणि तो नव्हताच. हवी ती माहिती त्याच इमारतीत, आमच्या पायाखाली तीन मजल्यांवर होती.

हा केवळ आमच्या कार्यालयाचा दुर्दैवी योगायोग असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक थॉमस अ‍ॅलन यांनी संशोधन संस्थांमधील अभियंते कोणाशी किती वेळा कामाचे बोलतात याच्या नोंदी घेतल्या आणि १९७७ मध्ये त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. दोन टेबलांमधील अंतर वाढत जाते तशी संवादाची शक्यता सावकाश कमी होत नाही. ती पहिल्या काही मीटरांतच कड्यावरून कोसळल्यासारखी घसरते आणि साधारण ५० मीटरांपलीकडे जवळजवळ तळाला जाते. मजला बदलला, की अंतर मोजण्यातही फारसा अर्थ उरत नाही. आता संगणक आणि फोन आले आहेत, तेव्हा अंतराचे काय एवढे, असे आपले अधिकारी म्हणतील. अ‍ॅलन यांच्याच पुढील कामात याचे उत्तर आहे: ज्यांची समोरासमोर गाठ पडते, त्यांच्याशीच माणसे फोनवर आणि लेखी संदेशांतूनही अधिक बोलतात. जो माणूस दिसत नाही, त्याला संदेश पाठवावा असेही सहसा सुचत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्यांचे आधीच जमते तीच माणसे जवळ बसत असतील, मग श्रेय जागेला कसे द्यायचे? पॅरिसमधील ज्युसिउ विद्यापीठ परिसरात अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचे काम अनेक वर्षे चालले आणि त्यासाठी प्रयोगशाळांना वारंवार जागा बदलावी लागली. नवा शेजार कोणाचा असावा, हे त्या संशोधकांनी आवडीने ठरवले नव्हते. तरीही जे गट शेजारी आले त्यांच्यात संयुक्त संशोधन होण्याची शक्यता वाढली, असे ख्रिश्चन कातालिनी यांच्या अभ्यासात आढळले. ज्यांनी परस्परांची निवड केली नव्हती, त्यांना शेजारी आणल्याने हे घडले, हे मला फार मोलाचे वाटते.

एवढे वाचून भिंती पाडा आणि सर्वांना एका मोकळ्या हॉलमध्ये बसवा, असा आदेश निघण्याची मला खरोखर धास्ती वाटते, कारण तो स्वस्त पडतो आणि छायाचित्रात छान दिसतो. ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बंदिस्त जागेतून मोकळ्या कार्यालयात गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवादाची नोंद घेणारी उपकरणे अडकवून, स्थलांतराआधी आणि नंतर त्यांनी मोजमाप केले. समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. आश्चर्य वाटावे असा हा आकडा आहे, पण ज्याने अशा हॉलमध्ये वर्षभर काढले आहे त्याला तो पटेल. आपण बोललेला प्रत्येक शब्द चाळीस जणांच्या कानी जातो, हे कळल्यावर माणूस बोलणेच टाळतो, कानाला हेडफोन लावतो आणि मान खाली घालतो. तक्रारदाराचे म्हणणे ऐकणे, कनिष्ठाची चूक त्याला समजावून सांगणे, आकडेमोड एकाग्रतेने तपासणे, या कामांना दार लागतेच. जुंगसू किम आणि रिचर्ड डी डिअर यांनी २०१३ मध्ये ३०३ इमारतींमधील ४२ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची उत्तरे तपासली, तेव्हाही मोकळ्या जागेत सुलभ झालेल्या बोलण्याचा लाभ हा गोंगाट आणि खासगीपणाचा अभाव यांच्या त्रासापुढे कमीच भरला.

मोकळ्या कार्यालयाची मूळ कल्पना वाईट नव्हती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत श्नेले बंधूंनी तिला रूप दिले, तेव्हा त्यांनी आधी कागद कोणाकडून कोणाकडे जातो आणि कोण कोणाशी बोलतो याचा अभ्यास केला आणि मग त्याप्रमाणे टेबले मांडली. नक्कल करणाऱ्यांनी अभ्यास वगळला आणि भिंती नसणे तेवढे उचलले. रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या १९६८ च्या फर्निचर रचनेचेही तेच झाले. कामानुसार हवी तशी हलवता येणारी, ऐसपैस कोनांत उघडणारी पार्टिशने त्यांना अभिप्रेत होती; खरेदी करणाऱ्यांनी कमी जागेत जास्त माणसे बसावीत म्हणून ती काटकोनात जुळवली आणि क्युबिकलचे खुराडे तयार झाले. दोन्ही वेळा कल्पना बिघडली ती खरेदीच्या टप्प्यावर, जिथे दर चौरस मीटर खर्चाखेरीज दुसरे माप नव्हते. निविदांचे नमुने आपल्या खात्यात तयार होतात, म्हणून हा इतिहास मी आपल्यासमोर ठेवत आहे.

माझी मुख्य विनंती अशी, की वास्तुविशारदाच्या हाती जागावाटपाचा तक्ता जाण्यापूर्वी प्रत्येक शाखेकडून लिहून घ्यावे की तिला रोज, आठवड्यातून आणि क्वचित कोणाची गरज पडते. हे शाखाप्रमुखाला न विचारता टेबलावर बसणाऱ्याला विचारावे, कारण अधिकृत रचनेचा तक्ता प्रमुखाला पाठ असतो, पण अडले की प्रत्यक्षात कोणाकडे धावायचे हे कारकुनाला आणि आरेखकाला ठाऊक असते. रोजची गरज असणाऱ्या शाखा एकाच मजल्यावर, शक्यतो एकाच व्हरांड्यावर असाव्यात. वरिष्ठांची दालने सर्वात वरच्या मजल्यावर आणि त्यांची लिफ्टही वेगळी, ही प्रथा तर थांबवावीच. अशा अधिकाऱ्याला आपल्या कार्यालयात काय चालले आहे ते फक्त फाईलमधून कळते, आणि फाईल पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

जिन्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण जिन्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निवासी वसाहतीच्या अभ्यासात, तळमजल्यावर ज्यांचे दार जिन्याच्या पायथ्याशी होते, त्यांची वरच्या मजल्यावरील लोकांशी अधिक मैत्री आढळली. स्वभावात फरक नव्हता, दाराच्या जागेत होता. आपल्या इमारतींत जिना जड दारामागे, अंधाऱ्या कोपऱ्यात असतो आणि आग लागली तरच आठवतो. अग्निसुरक्षेचा जिना नियमाप्रमाणे ठेवावाच, पण प्रवेशद्वारातून दिसणारा, उजेडाचा, दोन माणसे थांबून बोलली तरी तिसऱ्याला वाट मिळेल इतका रुंद असा आणखी एक जिना मजल्यांना जोडणारा असावा. हॉल ठेवायचाच असेल, तर त्याच्या लगत दार लावता येईल अशा लहान खोल्या पुरेशा ठेवाव्यात.

शेवटची मागणी पैशाची आहे. एमआयटीमध्ये १९४३ साली युद्धापुरती बांधलेली तीन मजली लाकडी इमारत १९९८ पर्यंत वापरात राहिली. तिथे रडारचे संशोधन झाले आणि नंतर भाषाशास्त्रापासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंतचे लोक एकमेकांच्या शेजारी नांदले. दिसायला ती कुरूप होती, पण भिंत आड येत असेल तर आत काम करणारे ती सरळ काढून टाकत. आपल्याकडे एक पार्टिशन हलवायला मंजुरीची साखळी लागते. म्हणून बांधकामाच्या अंदाजपत्रकातच थोडी रक्कम राखून ठेवावी, लोक राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी त्याच कारकुनांना आणि आरेखकांना पुन्हा विचारावे, आणि त्यांच्या सांगण्यावरून टेबले, पार्टिशने, गरज पडल्यास संपूर्ण शाखा हलवण्याचा अधिकार त्या कार्यालयाच्या प्रमुखाला द्यावा. पहिल्या आराखड्यात सगळे बरोबर जमेल अशी अपेक्षा मी करत नाही. सध्या मंजुरीसाठी आलेल्या आराखड्यांपैकी एखाद्यावर हा प्रयोग करायचे आपण ठरवल्यास, शाखांना विचारायच्या प्रश्नांचा मसुदा तयार करून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक