मोशेची कबर गुप्तच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘ज्यू धर्मात गुरुभक्तीला जागाच नाही’ असे विधान आपल्या अंकात वाचले. ठाण्यात राहणारी बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, म्हणून मला ते पटले नाही. इजिप्तच्या गुलामीतून सुटून समुद्र ओलांडल्यावर इस्रायली लोकांनी परमेश्वरावर आणि त्याचा सेवक, त्यांचा नेता व गुरू मोशे याच्यावर विश्वास ठेवला, असे तोराह, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथच, सांगते. अठराव्या शतकात पूर्व युरोपातल्या हसिदी या ज्यू भक्तिपंथाने सत्पुरुषाला देवाकडे नेणारा आधार मानले. विल्नाच्या धर्मपंडितांनी १७७२ मध्ये त्यांच्यावर बहिष्कार घातला, तरी पंथ वाढलाच. याच पंथातले एक गुरू, ब्रेस्लव गावचे रब्बी (धर्मगुरू) नाखमन, १८१० मध्ये वारले. अनुयायांनी त्यांच्या जागी दुसरा गुरू बसवला नाही. ज्यू नववर्षाला आजही हजारो जण युक्रेनमधल्या उमान इथे त्यांच्या कबरीपाशी प्रार्थनेला जमतात.

पण तीच तोराह मोशेची कबर कुठे आहे हे कुणालाच कळू देत नाही, आणि मला ते फार मोलाचे वाटते, कारण गुरूला मान द्यावा, पण देव मानू नये, हे त्यातून कळते. आमच्याकडे मलिदा या विधीला गूळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे एलियाहू हन्नाबी या प्रेषितांच्या नावाने मांडतात. आशीर्वाद मात्र परमेश्वराचेच म्हणतात. लेखकांनी आपले विधान दुरुस्त करावे, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे