जिवाणूंची लोहाची भूक

महोदय,

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवरचे बहुतेक लेख नव्या औषधांच्या तुटवड्यापाशी थांबतात. बायोफिल्मचा उल्लेख क्वचितच येतो. कॅथेटर, कृत्रिम सांधा किंवा आजारी फुफ्फुस यांवर जिवाणू चिकट थर करून राहतात आणि तिथे औषधाची नेहमीची मात्रा पुरी पडत नाही.

जिवाणूंना वाढायला लोह लागते. आपले शरीर ते ट्रान्सफेरिनसारख्या प्रथिनांत बांधून ठेवते, म्हणून स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू लोह ओढून आणणारे रेणू बाहेर सोडतो. गॅलियम या धातूची गंमत इथेच आहे. त्याचा आयन आकाराने आणि विद्युतभाराने फेरिक लोहासारखा, त्यामुळे जिवाणू फसतो आणि हा आयन आत घेतो. लोह इलेक्ट्रॉनची देवघेव करते; गॅलियमला पेशीत ते जमत नाही. लोहाच्या जागी ते बसले की विकराचे (एन्झाइमचे) काम अडते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांना ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या मोजक्या रुग्णांवरील प्राथमिक चाचणीत गॅलियम दिल्यावर फुफ्फुसांची कार्यक्षमता सुधारलेली दिसली.

गॅलियम नायट्रेट तसे जुनेच. कर्करोगात रक्तातले कॅल्शियम वाढते, त्यावर ते अमेरिकेत वापरले जाई. मूत्रपिंडाला त्याचा त्रास होऊ शकतो, शिवाय जिवाणू गॅलियम आत घेणेच कमी करून त्यालाही चकवू शकतात. तेव्हा ‘प्रतिजैविकांना पर्याय सापडला’ असे मथळे (ते येतीलच!) कृपया टाळावेत. प्रतिजैविकांच्या जोडीने गॅलियम कितपत उपयोगी पडते, यावर मात्र आपण एखाद्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाकडून सविस्तर लेख लिहून घ्यावा.

– एक वाचक