पडल्या पडल्या खेळण्यासारखं

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
कोल्हापूर, मंगळवार रात्र

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, बाबा, पडून पडून कंटाळा आलाय, बाल्डर्स गेट थ्री दोनदा संपवला, त्याच्या आधीचे जुने गेम सांगा, आजही खेळण्यासारखे. मी विचारलं, काविळीचं ते रक्तातलं बिलिरुबिन किती आलं? तू फोन ठेवलास. व्हॉट्सॲपवर मोठं काही लिहिलं की तू नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून हे कागदावर. भावड्या गुरुवारी गाडी घेऊन पुण्याला चाललाय, त्याच्याकडं देतोय. सोबत साळीच्या लाह्या आहेत.

तब्येतीबद्दल चकार शब्द लिहायचा नाही अशी आईची अट आहे. ती पाळणार आहे.

तर सकाळी माळ्यावर चढून काळी ट्रंक काढली. (चढलो ते आक्काला सांगू नकोस.) २०१९ च्या पुरात शाहूपुरीत आपण तासावर कॉम्प्युटर द्यायचो त्या गाळ्यात पाणी शिरलं तेव्हा सहा मॉनिटर, यूपीएस, तुझी ती फिरती खुर्ची, सगळं चिखलात गेलं. ही ट्रंक तेवढी आधीच्या दिवाळीत तूच घरी आणून टाकली होतीस, गाळ्यात पाय ठेवायला जागा नाही म्हणून. तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो होतो, सीडी उन्हात ठेवल्यास म्हणून.

सगळ्यात वर फॉलआऊट होता. १९९७ चा, इंटरप्ले कंपनीचा. अणुयुद्धानंतर माणसं जमिनीखालच्या बंकरमध्ये राहतायत, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप बिघडते, आणि १५० दिवसांत दुसरी शोधून आणायला तुला बाहेर पाठवतात. बस्स, एवढीच सुरुवात. पहिल्यांदा खेळलो तेव्हा हे सगळं लई लांबचं वाटलं होतं. पुरात पंपिंग स्टेशनच बुडालं, गावभर पाणी आणि नळाला थेंब नाही, टँकरपुढं घागर घेऊन रांगेत उभा होतो, तेव्हा मला ती चिप आठवली. हसू नकोस, खरंच आठवली. तुझ्या सोसायटीतही टँकरचंच पाणी येतं ना? नुसत्या फिल्टरवर विसंबू नकोस. खळखळून उकळायचं, झाकून गार करायचं, आणि त्यातलंच दात घासायलाही घ्यायचं.

झालं, अट मोडली. पुढं जातो.

फॉलआऊट खेळ, पण आत्ता नको. दिवस मोजायला लावणारा गेम आजारपणात कशाला? बरी झालीस की खेळ, आणि दुसऱ्या खेपेला पात्राची बुद्धी अगदी तळाला ठेवून बघ. ते नुसतं हुं हुं करतं आणि लोक त्याच्याशी खुळ्याशी बोलल्यागत बोलतात. लिहिणाऱ्यांनी त्यासाठी वेगळे संवाद लिहिलेत. तू गेमच्या गोष्टी लिहितेस, त्या कामासाठी तुला बघण्यासारखं आहे.

सुरुवात कर प्लेनस्केप टॉर्मेंटनं. १९९९ चा, ब्लॅक आइल स्टुडिओचा. लॅपटॉप पोटावर घेऊन बसायला नको, २०१७ ला त्याची सुधारलेली आवृत्ती आली ती टॅबवर चालते. एक माणूस शवागाराच्या दगडावर जागा होतो. नाव माहीत नाही, अंगभर वार आणि गोंदण. शेजारी एक तरंगती कवटी, ती त्याच्या पाठीवरचं गोंदण त्याला वाचून दाखवते. हा माणूस मरतो आणि परत उठतो, पण प्रत्येक वेळी मागचं विसरतो. मग आपणच आधीच्या जन्मांत कुणाचं काय वाटोळं केलंय ते त्याला लोकांकडून कळत जातं. मारामारी यथातथाच आहे, मजकूर मात्र एवढा की आपण खेळतोय की वाचतोय ते कळत नाही. स्ट्रेंथवर पॉइंट घालू नकोस. तू मूळची भांडकुदळ, तिथंच घालशील. विझडम आणि इंटेलिजन्सवर घाल. विझडम असेल तर त्याला विसरलेलं आठवत जातं, नाहीतर अर्धा गेम तुझ्यासमोरनं न दिसता निघून जाईल.

मग पहिला बाल्डर्स गेट, १९९८ चा. तोही टॅबवर आहे. तिसरा खेळून पहिल्याकडं गेलीस की चिडशील. इथं पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे फुंकर मारली तर जातो. फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवर एक जण गोड बोलत जवळ येतो, त्याच्याशी बोलायच्या आधी सेव्ह कर. स्पेसबार दाबून थांबवायचं, सहाही जणांना कामं वाटायची, परत सुरू करायचं, हीच त्यातली खरी मजा. टॅबवर त्याचं बटण असतं. आणि चिलखताचा हिशेब उलटा आहे. आकडा जितका खाली तितकं चिलखत भक्कम. दहा म्हणजे उघडा माणूस, शून्याच्या खाली गेलं की उत्तम. बिलिरुबिनसारखंच, उतरेल तेवढं चांगलं. तुझं गेल्या आठवड्यात ९.४ होतं. एकच्या आसपास पाहिजे. सोमवारी परत रक्त दिलंस एवढं मला संकेतकडनं कळलं, तुझ्याकडनं नाही.

बाल्डर्स गेटच्या पाच सीडी होत्या. तुला आठवत असेल, तू पहिलीत होतीस, शाळा सुटली की गाळ्यावर यायचीस. गिऱ्हाइक नसलं की मी खेळायचो आणि तू पाचही सीडी मांडीवर घेऊन बसायचीस. स्क्रीनवर मागणी आली की मी हात मागं करायचो, तू बरोबर ती सीडी हातात द्यायचीस. वाचता धड येत नव्हतं, पण आकडे यायचे. सगळी टोळी एका जागी गोळा झाल्याशिवाय त्या गेममध्ये गाव सोडता येत नाही. तू ते घरात लावलंस. जोतिबाला निघालो की उंबऱ्यावर हात आडवा धरून उभी, आजी येईपर्यंत कुणाला बाहेर सोडायची नाहीस.

गॉरियन मेला तेव्हा तू रडलीस. तो म्हातारा, ज्यानं सांभाळून मोठं केलं, तो रात्री रस्त्यात आडवा उभा राहतो आणि तू पळ म्हणतो. त्या वेळी मी स्वतःला हिरो समजून खेळायचो, मला वाटायचं आता खरा गेम सुरू झाला. आज दुपारी परत तो प्रसंग लावून बघितला. पुढं खेळलो नाही.

तुझ्या आईला वाटतं काविळीची माळ घातली की उतरते. ती आणायला निघाली होती, मी थांबवलं. तसंच तूही कुणी रस्त्यावरचा उसाचा रस दिला तर घेऊ नकोस, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा कुणास ठाऊक. डॉक्टरला विचारल्याशिवाय तापाची गोळीसुद्धा घेऊ नकोस.

मी पाल्हाळ लावतोय. अल्टिमा सेव्हन सांगायचा राहिला. १९९२ चा, चित्रं आता ओबडधोबड वाटतील. त्यात भाकरी नाही, पण पाव करता येतो. पोत्यातलं पीठ टेबलावर काढायचं, बादलीतलं पाणी त्यावर घालायचं, गोळा भट्टीत ठेवायचा. पाव तयार. गेम पुढं सरकायला त्याचा काही उपयोग नाही. मी एकदा रात्री दीडपर्यंत नुसते पाव करत बसलो होतो. तुझे सोबती भूक लागली म्हणून सारखी कुरकुर करतात आणि प्रत्येकाच्या हातात तुला खाणं द्यावं लागतं. लोक म्हणतात तो भाग कटकटीचा. मला नाही वाटला. तिथं तुला कोण देतं गं? ती रूममेट दिवसभर ऑफिसात. डबेवाल्या काकूंना बिनतेलाचं सांगितलंस का? की ॲपवरनं मागवतेस? सव्वीस वर्षांची झालीस तरी...

राहू दे. लेक्चर झालं. चुकलं माझं.

मॉरोविंड (२००२) शेवटी ठेव, तो महिने खातो. त्यात नकाशावर बाण नाही. माणसं तोंडी पत्ता सांगतात, पुलापासनं उत्तरेला जा, दोन खडक दिसले की डावीकडं वळ. आपल्याकडं गंगावेशीत विचारल्यागत. मोठ्या किड्याच्या पाठीवर बसून गावोगाव जायचं, मी त्याला वडाप म्हणायचो. आणि एक हिरवी पट्टी असते दमाची. पळून पळून ती रिकामी केलीस तर समोर उभ्या उंदरालाही तलवार लागत नाही. नवीन पोरं म्हणतात गेम बिघडलाय. बिघडलेला नाही, तू दमलीयस, आधी उभी राहा, दम घे. ब्लडलाइन्स (२००४) सुद्धा झकास, पण चाहत्यांनी केलेला दुरुस्तीचा पॅच टाकल्याशिवाय सुरू करू नकोस, आणि रात्रभर जागवतो म्हणून सध्या बंद.

अल्टिमा फोर मात्र तुझ्यासारखीनं एकदा हाताळलाच पाहिजे. १९८५ चा, फुकट मिळतो. शेवटी मारायला कुणी राक्षस नाही. आठ सद्गुण अंगी आणायचे, एवढाच गेम. जडीबुटी विकणारे दुकानदार आंधळे आहेत, किती पैसे ठेवायचे ते तू ठरवायचं. कमी ठेवलेस तरी माल मिळतो, तेव्हा कुणी काही बोलत नाही, पण गेम आत लिहून ठेवतो. त्यावरनं आठवलं, तू नऊ वर्षांची असशील, मी गडबडीत एका पोराकडनं तासाऐवजी दीड तासाचे पैसे घेतले, तू अनवाणी त्याच्यामागं पार व्हीनस कॉर्नरपर्यंत पळालीस. दहा रुपये परत देऊन आलीस आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या रात्री मी तुझ्या आईला सांगितलं, हिची काळजी नाही.

गणपतीत मी बोललो की गेमच्या गोष्टी लिहून कुणाचं पोट भरतं का. ज्यानं तुझ्या मांडीवर सीडी ठेवल्या त्यानं हे बोलायला नको होतं. नोकरी सोडलीस त्याचा राग नव्हता. कंपनीचा इन्शुरन्स गेला एवढंच डोक्यात होतं, आणि बघ, दोन महिन्यांत... असो. तो विषय नाही.

काल फोन ठेवताना तू "ठेवतो" म्हणालीस, आपल्या कोल्हापुरी पोरींसारखं. पुण्याला गेल्यापासनं तू ठेवते, येते, जाते म्हणतेस. चार वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे ताप जास्त असणार. मला झोप लागली नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीचं आईचं तिकीट काढून ठेवलंय. शुक्रवारी रात्रीपर्यंत रद्द करता येतं. ती यायला नको असेल तर सोमवारच्या रिपोर्टचा फोटो टाक. तीनच्या खाली असेल तर मीच रद्द करतो, तिला काहीतरी सांगतो.

तुझा,
बाबा

ता. क. बाल्डर्स गेटची तीन नंबरची सीडी ट्रंकेत नाही. बाकीच्या चारी आहेत. तुझ्याकडं आहे का?