गाडी निघाली, पण पोचली का? नानांना आभारपत्र

आदरणीय नाना,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायच्या आधी मी सगळ्यांसमोर ठेवते आहे. तुम्ही मला जे शिकवलं ते माझ्यासारख्या, एका लॅपटॉपवर अख्खं ऑफिस चालवणाऱ्या अनेकांच्या कामाचं आहे. शिवाय चार लोकांत तुमचे आभार मानायची माझी फार इच्छा होती.

सावद्याच्या बाजूला केळी ग्रुपच्या ऑफिसात माझं काम कसं चालतं ते तुम्ही पाहिलंय. दिवसभराच्या काटापावत्या एक्सेलमध्ये चढवायच्या, त्यावरून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाची बिलं, काढायच्या, दुसऱ्या दिवशीच्या कापणीची यादी पहाटे टोळ्यांच्या हातात पडेल अशी छापायची. रात्री ९ वाजता सगळ्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जावा म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावून ठेवलं होतं. यादीत त्याच्यापुढे ‘रेडी’ दिसायचं, आणि रेडी म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले होते.

मे महिन्यात लॅपटॉपची डिस्क गेली आणि बॅकअप उघडला, तर तो २३ दिवसांपूर्वीचा निघाला. त्या २३ दिवसांच्या पावत्या कार्बन कॉपीवरून पुन्हा चढवताना, बाहेर ४५ अंशांचं ऊन आणि आत पट्टीसाठी थांबलेले शेतकरी, माझे हात कापत होते. शेतकऱ्याचं वजन एका आकड्याने चुकलं तर त्याच्या घरातले पैसे चुकतात. त्या दिवसांत तुम्ही शेजारधर्म म्हणून पाणी विचारायला आलात आणि तीन तास बसलात.

तुम्ही पहिली गोष्ट विचारलीत ती लॅपटॉपची नव्हतीच. रात्री ९ ला लाईट असते का, असं विचारलंत. नसायची. शेड्युलरमध्ये काम लावलं की ‘चार्जरवर असेल तरच सुरू कर’ ही अट आपोआप लागते, आणि हुकलेलं काम नंतर करून टाकायची सोय आपोआप चालू होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. लॅपटॉप बॅटरीवर, काम सुरूच होत नव्हतं, आणि यादीत मात्र रेडी. भुसावळच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात उभा जन्म काढलेल्या तुमच्यासारख्या माणसाने तेव्हा आपल्या अमळनेरच्या बोलीत म्हटलेलं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: “निंघनी हाई समजनं बेटा, पोचनी का हाई सांग.” म्हणजे, निघाली हे समजलं, पोचली का ते सांग.

मग आपण ती शीट बनवली. एका ओळीत एक काम: मराठीत कामाचं नाव, शेड्युलरमधलं नाव, वेळ, शेवटचं कधी चाललं, निकाल काय. वर दोन बटणं, एक ‘लावा’ आणि एक ‘तपासा’. मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्राम, ओळ वाचतो आणि त्यातून कमांड प्रॉम्प्टची, म्हणजे विंडोजला टाइप करून द्यायची, एससीएचटास्क्स (schtasks) ही आज्ञा तयार करतो. विंडोज एक्सपीपासून आलेली ही आज्ञा. ‘क्रिएट’ने काम लावायचं, ‘क्वेरी’ने विचारायचं, ‘चेंज’ने बदलायचं, ‘डिलीट’ने काढायचं. शेड्युलरच्या खिडकीत दहा ठिकाणी क्लिक करण्यापेक्षा वेळ शीटमध्ये बदलणं मला जमतं, आणि मी रजेवर असले तर ऑफिसातल्या दुसऱ्या कुणालाही जमतं.

चार्जरची अट काढायला त्या आज्ञेत सोपा स्विच सापडेना. तेव्हा तुम्ही एक काम खिडकीतून हवं तसं नीट लावून घेतलंत, त्याच्या सगळ्या सेटिंगची एक्सएमएल फाईल काढलीत आणि बाकीची कामं त्याच साच्यावरून लावायला मॅक्रोला शिकवलंत. हा उपाय मी आजवर तिघांना सांगितलाय.

‘तपासा’ बटणावर मात्र आपले दोन रविवार गेले. क्वेरीचं उत्तर सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या, फाईलमध्ये घ्यायचं आणि ती फाईल शीटमध्ये आणायची, एवढंच काम. पण कधी फाईल अर्धी यायची, कधी रिकामी. व्हीबीएचं, म्हणजे मॅक्रो लिहायच्या भाषेचं, ‘शेल’ आज्ञा सोडून लगेच पुढे जातं, तिकडचं काम संपायची वाट बघत नाही. तुम्ही हसून म्हणालात, पुन्हा तेच, सुटली पण पोचली नाही. ‘डब्ल्यूस्क्रिप्ट शेल’चं ‘रन’ वापरून तिसऱ्या जागी ‘ट्रू’ लिहिलं तेव्हा मॅक्रो थांबायला लागला. आणि मराठी नावं! व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी लिहिली की नुसती प्रश्नचिन्हं. मराठी मजकूर सेलमध्येच ठेवायचा आणि मॅक्रोने तिथून वाचायचा, शेड्युलरमधलं नाव साधं इंग्रजी अक्षरांत ठेवायचं, हा तोडगा तुमचाच.

निकालाच्या रकान्याने तर मला फार घाबरवलं होतं. ० म्हणजे नीट पार पडलं, २६७००९ म्हणजे चालू आहे, २६७०११ म्हणजे अजून एकदाही चाललेलं नाही, इथवर ठीक. पण बॅकअपच्या ओळीत रोज १ यायला लागला. इतर कामांत १ म्हणजे गडबड, म्हणून मी ती ओळ लाल केली आणि रात्री ११ ला तुम्हाला फोन केला. बॅकअप रोबोकॉपी या विंडोजच्या फाईली उतरवायच्या आज्ञेने होतो आणि रोबोकॉपीत १ म्हणजे फाईली व्यवस्थित उतरल्या, ० म्हणजे उतरवण्यासारखं नवीन काही नव्हतं, ८ आणि त्यापुढे गेलं तर बिघाड. हे तुम्ही झोपेतून उठून, जराही न वैतागता समजावलंत. माझ्या मनात तुमच्याविषयी जो आदर आहे त्यातला मोठा वाटा त्या फोनचा आहे.

शेवटचा रकाना तुम्ही हट्टाने घालायला लावलात: बॅकअपच्या फाईलची स्वतःची तारीख आणि आकार. मी म्हटलं होतं, निकाल बरोबर असताना हे कशाला? तुम्ही म्हणालात, गाडी पोचल्याचा निरोप वेगळा आणि माल उतरलेला डोळ्यांनी बघणं वेगळं. श्रावणात एकदा बाहेरची डिस्क बदलली तेव्हा जुन्याच डिस्कचं अक्षर मॅक्रोत राहिलं होतं. निकाल अजून पाहिला नव्हता, त्याआधी फाईलची कालची तारीख डोळ्यांत भरली. त्याच दुपारी दुरुस्त केलं, एकही पावती गेली नाही.

कापणीची यादी मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी लॉगिन असतानाच चालेल अशी ठेवली आहे. एक्सेलने मध्येच काही विचारलं तर उत्तर द्यायला समोर पडदा हवा. बॅकअपला पडदा लागत नाही म्हणून तो विंडोजच्या स्वतःच्या ‘सिस्टम’ खात्यावर, जे कुणी लॉगिन नसतानाही चालतं.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, भरताची वांगी घेतलीत तीही काकूंनी आग्रह केला म्हणून. मला मशीनची माहिती देणारे पुष्कळ भेटले असते. माझ्या चुकीवर रागावला नाहीत, तीच चूक मला माझ्या हाताने शोधू दिलीत, त्यासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

ऊन वाढलं म्हणून टोळ्या आता लवकर निघतात. काल यादीची वेळ शीटमध्ये ५:३० केली आणि ‘लावा’ दाबलं. आज पहाटे निकाल ०, फाईलची वेळ ५:३१, आणि कागद ट्रे मध्ये. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी या, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस आहे. ती शीट उघडून तुम्हाला एकदा दाखवायची आहे.

तुमची,
केळी ग्रुपच्या ऑफिसातली लेक