आतड्याच्या गाठीचा ब्लॉक जपा, तपासणी पूर्ण करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर आपल्या पुरवणीत आलेला लेख आमच्या लातूर भागात पुष्कळांनी वाचला. हा आजार जनुकांतल्या बदलांमुळे होतो, असं त्यात लिहिलं होतं आणि ते बरोबरच आहे. पण इथे त्याचा अर्थ ‘घराण्यातून येतो’ असा घेतला गेला. त्यातून माणसांचं नुकसान होतंय, म्हणून हे पत्र. मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. गाठीचे तुकडे मेणात बसवून त्यांचे ब्लॉक करायचे, त्यांचे अतिशय पातळ काप घ्यायचे, त्यांना रंग द्यायचा, हेच काम आयुष्यभर केलं. निदान डॉक्टर करतात, पण स्लाइड आमच्या हातची असते.

औसा तालुक्यातल्या एका घरातल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांच्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली. ‘एमएलएच-१ प्रथिन आढळत नाही’ असा रिपोर्ट आला. कुणीतरी मोबाइलवर बघून सांगितलं की हा आनुवंशिक कॅन्सर आहे. नातीची ठरत आलेली सोयरीक मोडली. पुढे त्याच ब्लॉकवर बीआरएएफ जनुकाची तपासणी झाली आणि त्यात बदल सापडला. म्हणजे गाठ वारशाने आलेली नाही, हे जवळजवळ नक्की झालं. तोवर पाहुणे दुसरीकडे गेले होते.

आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर चार-पाच दिवसांनी नव्या होतात. प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल करताना चुका राहतात. बहुतेक गाठींत सुरुवातीला एपीसी नावाचं जनुक बिघडतं आणि अस्तरावर लहानसा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. पुढे केआरएएस, मग टीपी-५३ अशी एकेक जनुकं बिघडत जातात. हा टप्प्याटप्प्याचा प्रवास फिअरन आणि व्होगेलस्टाइन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडला. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. हे सगळे बदल आतड्याच्या त्या एका जागी, जन्मानंतर झालेले असतात. रुग्णाच्या बाकीच्या निरोगी पेशींत ते नसतात, त्यामुळे लेकरांकडे जात नाहीत. आतड्याच्या कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांची गोष्ट एवढीच असते.

दुसऱ्या प्रकारच्या बदलात जनुकातलं एक अक्षरही बदलत नाही. त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट जमतात आणि शाबूत असलेलं जनुक पेशीला वाचता येत नाही, ते बंद पडतं. आतड्याची गाठ आणि तिच्या शेजारचा निरोगी भाग यांच्या डीएनएवरच्या मिथाइलमध्ये फरक असतो, हे फाइनबर्ग आणि व्होगेलस्टाइन यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं. औशाच्या आजोबांच्या गाठीत बहुधा हेच झालं होतं. नकलेतल्या चुका दुरुस्त करणारं एमएलएच-१ जनुक उतारवयात, त्या जागेपुरतं बंद पडलं, म्हणून त्याचं प्रथिन गाठीत आढळलं नाही. असं झालेल्या गाठींत बीआरएएफचा बदल पुष्कळदा सोबत सापडतो, आणि वारशाने आलेल्या गाठींत तो क्वचितच असतो. म्हणून ती तपासणी करतात.

साधारण शंभरातल्या पंधरा गाठींत ही दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते, आणि त्यांतल्या बहुतेकींत ती अशी मिथाइलमुळे बंद पडलेली असते. दुरुस्तीच्या जनुकातला दोष जन्मतःच घेऊन आलेले रुग्ण एकूण शंभरात सुमारे तीन. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. एपीसीतलाच दोष वारशाने येऊन आतडं शेकडो पॉलिपनी भरणारी घरंही असतात, पण ती फार विरळ.

या तीन टक्क्यांची चुकामूक आमच्याकडे उलट्या दिशेनेही होते, आणि तिची किंमत जास्त मोजावी लागते. निलंग्याकडच्या एका घरात अडतिसाव्या वर्षी मुलाला आतड्याचा कॅन्सर झाला. त्याची आत्या पंचेचाळिशीत ‘पोटाच्या आजाराने’ गेली होती, आजी गर्भाशयाच्या कॅन्सरने. गावात त्याला करणी म्हणत. या तिघांची नावं एका कागदावर कुणी लिहिलीच नव्हती, कारण आत्या लग्न होऊन परगावी गेलेली आणि आजीचं तर ‘बायकी दुखणं’. आपल्या बहुतेक वंशावळींत लेकी नसतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत पिढ्यान् पिढ्यांची नावं मिळतील, पण कोण कशाने गेलं हे मिळणार नाही. त्यात मराठवाड्यात किती बायकांची ‘पिशवी काढलेली’ असते! का काढली हे विचारलं तर कागद नाही. लिंचच्या घरातल्या बायकांना आतड्याइतकाच गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका असतो, म्हणून तो कागद महत्त्वाचा.

या आजाराचा शोध लागला तोही बाईच्या बोलण्यातून. अमेरिकेत मिशिगनमध्ये १८९५ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. वॉर्थिन यांना सांगितलं की आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. डॉक्टरांनी तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही, घराण्याची नोंद ठेवली आणि १९१३ मध्ये छापली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकात तेच काम पुढे नेलं.

तपासणी आवाक्याबाहेरची नाही. ब्लॉकच्या कापांवर एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६ या चार प्रथिनांसाठी रंग देतात. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी होतं, नसेल तर निळं राहतं. गाठीतल्या पेशी निळ्या आणि अगदी खेटून असलेल्या निरोगी पेशी तपकिरी, असं दिसलं की रंग नीट चढलाय आणि प्रथिन खरंच गेलंय हे कळतं. पैशाची अडचण असेल तर सुरुवातीला पीएमएस-२ आणि एमएसएच-६ ही दोनच बघता येतात, कारण एमएलएच-१ गेलं की त्याच्या जोडीचं पीएमएस-२ टिकत नाही, आणि एमएसएच-२ गेलं की एमएसएच-६ टिकत नाही. एमएलएच-१ नसेल तर बीआरएएफ किंवा मिथाइलची तपासणी. त्यात काही निघालं नाही, किंवा दुसरं प्रथिन गेलेलं असेल, तर रक्तातून जनुकांची.

रक्तात दोष सापडलाच, तर प्रत्येक मुलामुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. ज्याला नाही मिळाला त्याची वारशाची चिंता मिटली. ज्याला मिळाला त्याने बहुधा विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करायची आणि पॉलिप दिसला की काढून घ्यायचा. रुग्णालाही याचा उपयोग आहे. पसरलेल्या अशा गाठींवर पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, चांगली चालते. ती महाग आहे, पण कुणाला द्यायची हे तरी आधी कळायला हवं.

म्हणून माझी मागणी अशी. लातूर, अंबाजोगाई, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मोठ्या आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरवर किमान दोन प्रथिनांची तपासणी ठरूनच व्हावी, आणि रिपोर्टचा अर्थ घरच्यांना समजावणारं माणूस तिथे असावं. सरकारी कॅन्सर तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, आतडं नाही. निदान गाठ निघालेल्यांची तरी तपासणी अर्धवट राहू नये. आजाराचा कौटुंबिक इतिहासही लिहून घ्यावा. खेड्यात नोंदी होत नाहीत हे कारण मला पटत नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून गावोगावच्या कॅन्सर रुग्णांची नोंद होते आहे.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, गाठ कोरड्या डब्यात किंवा सलाइनमध्ये पाठवू नका. तिच्या दहापट फॉर्मलिन, म्हणजे तुकडा सडू न देणारं द्रावण, लागतं. सडलेल्या तुकड्यावर कुठलाच रंग नीट चढत नाही, आणि असे तुकडे मी पुष्कळ पाहिले. शौचातून रक्त जाणाऱ्यांनी एसटी स्टँडसमोरच्या ‘मूळव्याध-भगंदर’ फलकाखाली महिने घालवू नयेत, वय तिशीचं असलं तरी.

आणि नातेवाइकांनो, मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायला ब्लॉक नेलात तर मेणाचा तुकडा समजून फेकू नका. उन्हाळ्यात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, ते मेण साठ अंशांच्या आत-बाहेर वितळतं. नीट ठेवलेल्या ब्लॉकवर ही तपासणी काही वर्षांनीही होऊ शकते, रुग्ण हयात नसला तरी. घरात पन्नाशीच्या आत कुणी आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरने गेलं असेल तर जुना रिपोर्ट शोधा, त्यावरचा बायोप्सी क्रमांक घेऊन त्या प्रयोगशाळेत जा आणि ब्लॉक आहे का विचारा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लातूर
(उल्लेखलेली घरं ओळखू येऊ नयेत म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)