सूट दिसते, साल दिसत नाही

महोदय,

दसऱ्यापासून आपल्याही अंकात सेलच्या पानपानभर जाहिराती येत आहेत. त्यातलीच एक बघून आमच्याकडे छोटा टॅब घ्यायचं निघालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून सौ.ला मोबाइलवर वाचवत नाही, आणि मुलाचा दहा इंची टॅब आडवं पडून धरला की हात भरून येतात. म्हणून आठ इंची. छापील किंमत १५,९९९, सेलमध्ये ६,९९९. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, ५६ टक्के सूट आहे, विचार कसला करताय? घेऊन टाका."

पण मी ३१ वर्षं एसटीच्या भांडारात काढली. टायर आत घेताना आम्ही आधी त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचायचो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २२१८ म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा. बॅटरीचंही तसंच. ती खोड अजून गेलेली नाही. मोबाइलवर त्या टॅबची सगळी माहिती वर-खाली करून पाहिली. रंग, वजन, कॅमेरा, सगळं होतं, पण माल कधीचा ते कुठेच नाही.

शेवटी दत्त चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. तोच टॅब तिथे होता. खोका उलटा केला, भिंग लावलं. ऑगस्ट २०२१! दुकानदार पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "काका, सेलमध्ये बहुतेक हाच माल असतो." दाखवायला उघडलेला एक नग त्याने चार्जिंगला लावला, तर पडद्यावर उजेड यायलाच वीस मिनिटं गेली. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी खोक्यात पडून म्हातारी होते, हे आम्हा बॅटरीवाल्यांना वेगळं सांगायला नको. सेटिंग्जमध्ये पाहिलं तर अँड्रॉइड ११, म्हणजे २०२० ची आवृत्ती, आणि शेवटचं सुरक्षा अपडेट मार्च २०२२ चं. यावर पेन्शनच्या बँकेचं ॲप उघडायची माझी तरी छाती नाही.

तरी म्हटलं, निदान पेपर तरी वाचून बघू. आपलाच ई-पेपर उघडला. पान आपलं हातभर रुंद, पडदा मोबाइलपेक्षा जेमतेम दोन-तीन बोटं जास्त. मथळे दिसले, पण खालच्या मजकुरातले रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळले. मोठं करावं तर एका ओळीसाठी दोनदा सरकवायचं. मध्येच सौ.ने व्हॉट्सॲप पाहिलं आणि परत आली, तर ई-पेपर पुन्हा पहिल्या पानावर! एका वेळी उघडी ॲप्स धरून ठेवणारी मेमरी, म्हणजे रॅम, फक्त २ जीबी, तिची ही कर्तबगारी. पुस्तकाच्या ॲपमध्ये मात्र अक्षर हवं तेवढं मोठं होत होतं, ओळी आपोआप जुळत होत्या, आणि तिथे तिला तो आवडला, हेही सांगितलं पाहिजे.

आता मूळ मुद्दा. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११, म्हणजे वजन-मापं आणि पॅकबंद मालाचे नियम, यांप्रमाणे खोक्यावर निर्मितीचा महिना आणि साल छापावंच लागतं. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीलाही खोक्यावरचा तपशील दाखवणं बंधनकारक झालं. मात्र त्या दुरुस्तीत महिना-साल तेवढं वगळलं. बिस्किटाचं एक वेळ समजू शकतो, रोज नवा माल येतो. पण टॅबच्या किमतीत अर्धी गोष्ट त्या सालाचीच आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून टॅबची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट देणं कंपन्यांना भाग आहे. आपल्याकडे एवढं लगेच होईल असं नाही, पण किमतीशेजारी 'निर्मिती : ऑगस्ट २०२१' आणि 'अपडेट अमुक तारखेपर्यंत' या दोन ओळी छापायला काय खर्च येतो? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला मी तसं पत्र पाठवलं आहे. आपणही जाहिराती घेताना एवढं विचारलंत तर बरं होईल.

टॅब घेतलेला नाही. ४ जीबी रॅमचा आणि यंदाच्या सालाचा नग आला की कळवतो, असं दुकानदार म्हणाला आहे. तो बारा-तेरा हजारांना पडेल. सौ.चं म्हणणं, तोवर भिंग आहेच, आणि कागदाचा पेपर चार्ज करावा लागत नाही.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल
कराड, जि. सातारा