आठ तासांत नेमके काय शिकवले?

महोदय,

ओपिऑइड, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनोपचाराचे डॉक्टरांना प्रशिक्षण दिल्याची आपली कालची बातमी वाचली. आठ तास, प्रमाणपत्रे, समूहछायाचित्र. सगळे यथासांग पार पडलेले दिसते. अमेरिकेत ब्यूप्रेनॉर्फिन हे या व्यसनावरचे औषध लिहिण्यासाठी डॉक्टरांवर 2000 च्या कायद्याने अशाच आठ तासांच्या प्रशिक्षणाची आणि वेगळ्या परवान्याची अट होती. तो वेगळा परवाना डिसेंबर 2022 मध्ये रद्द झाला. फ्रान्सने 1995 पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही हे औषध लिहू दिले आणि चार वर्षांत हेरॉइनच्या अतिमात्रेचे मृत्यू सुमारे 79 टक्क्यांनी घटले. तेव्हा वाद तासांचा नाहीच.

आपण छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत रिसेप्टरवर (पेशीवर औषध जिथे चिकटते त्या जागेवर) दोन सत्रे आहेत, पहिल्या डोसवर एकही नाही. डॉक्टर अडतो तो नेमका तिथेच. तो डोस देण्याआधी शेवटच्या हेरॉइननंतर किमान 12 तास जावे लागतात, मेथाडोन या दीर्घकाळ टिकणाऱ्या ओपिऑइडनंतर 24 ते 72. पण नुसत्या घड्याळावर विसंबू नये. फेंटानिल हे कृत्रिम ओपिऑइड चरबीत मुरते आणि रोज घेणाऱ्याच्या अंगात कित्येक दिवस झिरपत राहते. म्हणून बाहुल्या, जांभया, अंगावरचा काटा, नाडी, वाहणारे नाक अशा 11 निकषांवर व्यसन तुटल्याचा त्रास मोजणारा 'काऊज' तक्ता भरायचा, गुण 12 च्या आसपास आले की 2 ते 4 मिलिग्रॅम जिभेखाली द्यायचे. घाई केली तर हे औषध आधीच्या ओपिऑइडला हुसकावून लावते आणि स्वतः मात्र अर्धेच काम करते. तासाभरात उलट्या, जुलाब, तळमळ. डॉक्टर घाबरून औषध थांबवतो. बहुतेकदा करायचे असते उलटे, तेच औषध वाढवायचे, जोडीला त्रास शमवणारे क्लोनिडिन आणि उलटीवरची गोळी. हे ठाऊक नसलेला डॉक्टर एकदा हात पोळले की पुन्हा त्या वाटेला जात नाही.

गोळी घेण्याचेही तेच. तोंड कोरडे असेल तर आधी घोटभर पाणी, मग विरघळेपर्यंत 5-10 मिनिटे बोलायचे नाही, गिळायचे नाही. गिळली तर बरेचसे औषध यकृतातच खर्ची पडते. नंतर चूळ भरायची, ब्रश तासाभराने. 'डोस पुरत नाही' म्हणणाऱ्याचा डोस वाढवण्याआधी त्याला समोर बसवून गोळी घ्यायला लावावी.

जाता जाता, बातमीशेजारची चौकट. 'नॅलोक्सोन अर्थात नॅलट्रेक्सोन'? धन्य! ही दोन वेगळी औषधे. नॅलोक्सोन ओपिऑइडच्या अतिमात्रेने श्वास मंदावलेल्या माणसाला वाचवण्यासाठी. त्याचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, म्हणून शुद्धीवर आलेल्यालाही एकटे सोडायचे नसते. नॅलट्रेक्सोन पुन्हा व्यसन लागू नये म्हणून, आणि द्यायचे ते ओपिऑइड सुटून 7 ते 10 दिवस झाल्यावरच. चौकट वाचून कुणी घरातल्या व्यसनी माणसाला ती गोळी आधीच दिली, तर त्याचे जे हाल होतील ते दिवसभरही थांबणार नाहीत. दुरुस्ती आतल्या पानावर छापलीत तरी चालेल, पण या आठवड्यात छापा.

आपला,
व्यसनोपचार क्षेत्रातील एक वाचक